चार महिने ओढलेला ब्रेक

मंडईचा पहिला प्रयोग रात्री दहाला, सावरटोल्यात,
आणि आमची गाडी राइस मिलच्या मागे
मागची दोन्ही चाकं रोवून उभी.
गाडी म्हणजे जुनी चारशे सात, पण घरच समजा.
फळ्या ठोकून केलेल्या सहा झोपायच्या जागा,
टपावर पाण्याची टाकी, दाराशी स्टोव्ह,
आरशाच्या कडेला चिकटवलेल्या टिकल्या.
नट्या बदलल्या, टिकल्या तशाच.

पाऊस लागायच्या आधी यादवकाकानं लिव्हर ओढली
शेवटच्या दातापर्यंत.
“उतार हाय,” म्हणाला, आणि साखरेनं सुजलेला पाय घेऊन
लेकीकडे गेला, तुमसरला.
आता ड्रायव्हर मी.
गेल्या सीझनपर्यंत लाइटवाला होतो.

लिव्हर निमूट खाली गेली.
क्लच सोडला तर गाडीचं ढुंगण तेवढं खाली दबलं,
शिंक येता येता राहावी तसं,
आणि इंजिन बंद.
“दे अजून रेस,” सुरपाम म्हणाले.
तीस वर्षं खलनायक करतात, त्यांना रेसच सुचते.

फोन लावला.
“रेस नोको देऊ बाप्पा, लायनिंग सोलून निंगन.
समोरच्या चाकाले दगड लाव. मंग जा खाली.”

खाली कोंडा, कोंड्याखाली चिखल, चिखलावर मी.
केबल बोटानं ओढून पाहिली. सैल.
म्हणजे लिव्हरनं सोडलं होतं, केबलनंही सोडलं होतं.
“मग धरलं कोणी, काका?”
“ड्रमाच्या आत शू चिकटले.
चार महिने दाबून धरले ना आपन त्याहिले.
आता सोडा म्हनलं तं त्याहिले आयकू येत नाही.”

राकेल केबलीला, ड्रमाला नाही;
आत गेलं तर पुढं गाडी थांबेल कशानं?
हे त्यानं तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मी हो म्हणालो.
कुंदा बोरकुटे, जी रात्री महाराणी होणार होती,
गुडघ्यावर बसून फोन ड्रमाजवळ धरून होती.
मी लाकडाचा तुकडा काठाला लावला, हातोडा मारला.
ठक.
“नाही,” तुमसरहून.
ठक.
“नाही. थोडा फिरून मार.”
ठक, ठक, आणि मग टण्ण,
रिकाम्या गुंडावर पळी पडावी तसं.
“डावं झालं,” काका म्हणाला.

उजवं होईना.
मागच्या भोकातून पेचकस घालून
ॲडजस्टर एकेक दात मागे.
काका मोजत होता. तिसऱ्या दाताला
त्याची लेक सुई घेऊन आली.
फोन चालूच. भांड्यांचा आवाज, नातवाचं पाढे म्हणणं,
आणि इकडे आम्ही तिघं ड्रमाखाली गप्प,
माझ्या डोळ्यात गंजाचा कण.
“हं. चार,” तो परत येऊन म्हणाला.

मग जॅक काढला, दगड हातभर पुढं सरकवले.
सुरपाम, पेटीवाला, राजा, राजाचा शिपाई,
सगळे मागे लागले.
पुढं. मागं. पुढं.
घर डुलत होतं आणि जात नव्हतं.
पुढं. मागं.
कुठेतरी पापड मोडला,
आणि अख्खं घर अर्धा हात चाललं.
आत मुकुट पडला, कढई पडली,
पिशवीतले घुंगरू कुणाच्याही पायाशिवाय वाजले.
आम्ही काही बोलायच्या आत फोनमधून आलं,
“सुटली.”
नंतर बराच वेळ काहीच नाही.
कुंदानं फोन पुसला, कापला नाही.

सावरटोल्यात पोचलो तेव्हा पडदा बांधून झाला होता,
कापलेल्या धानाचा वास, धुऱ्याशी थोडा उतार.
हात सवयीनं लिव्हरकडे गेला. ओढलीही.
मग सोडली.
गिअरात टाकून खाली उतरलो, टॉर्च घेऊन
दगड शोधायला. धानाच्या बांधीत दगड कुठला.
ढेकळं मिळाली, ती हातातच फुटली.
शेवटी तिकिटाच्या टेबलाखालच्या दोन विटा काढल्या.
टेबल कललं.
चिल्लर एका बाजूला जाऊन बसली.